खाडीकाठची केबल

सासूबाईंनी निरांजन लावलेलं ताट उचललं आणि नेमका त्याच क्षणी खाडीच्या बाजूनं धप्प असा आवाज आला. डोक्यावरचा पंखा चार गिरक्या घेऊन थांबला.

"गेली," सासरे म्हणाले. "सुधाकर, बघ जरा काय झालां ता."

अधिक महिना होता. जावयांना अनारशांचं वाण द्यायचा दिवस. पाटावर आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी बसलो होतो, मी आणि माझा साडू उन्मेष तोडणकर. मी उठलो. तोही उठायला लागला, तशा सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "उन्मेषराव, तुम्ही बसा हो. सुधाकर आहे ना, तो बघतो."

तो उन्मेषराव, मी सुधाकर. तो वर्षातून दोनदा पुण्याहून यायचा, मी रोज दारात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमचे सासरे रघुनाथ शिवलकर, सगळी रत्नागिरी त्यांना भाऊ म्हणायची. घराखालीच, खाडीच्या काठी, त्यांचा कोळंबी गोठवायचा प्लॅन्ट होता; घरातली वीजही तिथूनच यायची. मुलगा नाही, दोन मुली. थोरली प्रमिला माझी बायको, धाकटी अस्मिता उन्मेषची. लग्नाआधी मी मुंबईत केबली टाकणाऱ्या टोळीत होतो. लग्न ठरल्यावर भाऊ म्हणाले, मुंबईत काय ठेवलंय, इथं ये, घरचा माणूस हवा. आलो. त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. फ्रीझरपासून फाटकावरच्या दिव्यापर्यंत प्लॅन्टमधली एकेक तार माझ्या हाताखालून गेलेली होती.

आता भाऊंचे गुडघे साथ देईनासे झाले होते. प्लॅन्ट कुणातरी एकाच्या हाती सोपवायचा, हे ते घरात बोलून दाखवत. कुणाच्या, ते मात्र बोलत नसत. आणि गेलं वर्षभर त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, "उन्मेषरावांना विचारूक हवां." उन्मेष पुण्यात केबलींची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. कोळंबीचं डोकं कुठल्या बाजूला असतं हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. तरी भाऊंना त्याला विचारायचं होतं. माझ्या जिवाची नुसती लाही होत होती. आठ वर्षं बीळ मी खणलं, आणि नागोबा पुण्याहून यायचा होता.

खाली जाऊन पाहिलं तर मुख्य केबल गेली होती. रस्त्याकडच्या वीज मंडळाच्या खांबापासून प्लॅन्टच्या ट्रान्स्फॉर्मरपर्यंत जमिनीखालून जाणारी, अकरा हजार व्होल्टची. मीच टाकलेली. वाटेतला अर्धा भाग खाडीच्या कडेनं जायचा, आणि उधाणाच्या भरतीला तिथली जमीन पायाखाली पचपचायची. दुसरी वाटच नव्हती.

नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, बोटी नुकत्या सुटलेल्या, कोळंबीच्या पाट्यांवर पाट्या येत होत्या. जनरेटरवर कोल्ड स्टोअर कसंबसं चालत होतं. पण ताजा माल झटक्यात गोठवणारा ब्लास्ट फ्रीझर त्याला ओढवत नव्हता. बायका कोळंबी सोलत होत्या आणि सोललेली कोळंबी बर्फात वाट बघत बसली होती.

मी माणसं लावून खणायला घेतलं. बिघाड सापडला तोवर दुपार कलली होती. जळका भाग कापला आणि जॉइंट करायला बसलो. केबलचा जॉइंट म्हणजे निगुतीचं काम. घामाचा एक थेंब आत पडता कामा नये. वर ताडपत्री, भोवती माणसं, आणि कडेला सोवळ्यातून पँटशर्टात आलेला माझा साडू उकिडवा बसून बघतोय.

"काय हात आहे हो दादा तुमचा," तो म्हणाला.

मी हूं केलं. त्याचा हाही एक त्रास होता. तो माणूस खोटं बोलायचा नाही आणि कुजकंही बोलायचा नाही. एखाद्याचा राग करायचा तर त्यानं निदान थोडी मदत करावी की नाही?

जॉइंट पुरा झाला. भाऊ काठी टेकत आले.

"झालां? मग सोडा वीज."

"सोडूया," मी म्हणालो. "मेगर लावून बघितलाय, बरा दाखवतोय."

मेगर म्हणजे केबलचं आवरण वरवर ठीक आहे की नाही ते सांगणारं छोटं यंत्र. डॉक्टरनं नाडी बघावी तेवढंच त्याचं काम. खरी परीक्षा मला नको होती, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. उन्मेष एका कामावरून परस्पर इकडे आला होता, ऑफिसची जीप घेऊन, आणि जीपमध्ये त्याचं दाबाचं यंत्र होतं. त्या यंत्राखाली, सगळ्या कामगारांसमोर, भाऊंसमोर माझा जॉइंट फुटला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

"उन्मेषराव, तुमचां काय म्हणणां?" भाऊंनी विचारलंच.

उन्मेषनं जीपकडे बघितलं, केबलकडे बघितलं. "नियमाप्रमाणे दुरुस्तीनंतर डीसीचा दाब देऊन बघायचा असतो," तो म्हणाला. "यंत्र आणलंय, तर घेऊ."

"घ्या तर! पुण्याचां यंत्र आमच्या दारात आलांय," भाऊ लहान मुलासारखे खूश झाले.

यंत्र जोडलं. उन्मेष एकेक पायरीनं दाब वाढवत गेला, रोजच्या दाबाच्या दुप्पट, त्याच्याही वर. काटा चढत होता. पाव तास तसाच धरून ठेवायचा होता. भाऊ घड्याळात बघत होते, कामगार माझ्या तोंडाकडे. काटा जागचा हलला नाही.

"पास," उन्मेष म्हणाला. "दादांचा जॉइंट अगदी पक्का आहे."

"बघितलांत!" भाऊ कामगारांकडे वळून म्हणाले. "ह्याला म्हणतात यंत्र!"

ऐकलंत? दुपारभर चिखलात बसून जॉइंट मी केला, तो टिकला, आणि कौतुक कशाचं, तर यंत्राचं. वीज सोडली, फ्रीझर घुमायला लागला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतली एकही माझ्या वाटणीला आली नाही. घरी आल्यावर भाऊंनी उन्मेषला आपल्या आरामखुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी एकदाच बसलो होतो, तिचा पाय ठोकायला.

"तुमचं काय बिनसलंय?" प्रमिलेनं विचारलं.

"काही नाही."

"तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालंय. तो पाहुणा आहे हो. दोन दिवसांनी जाईल."

"पाहुणा कसला," मी म्हणालो. "मालक व्हायला आलाय."

"भाऊ तसं म्हणालेत?"

"म्हणायला कशाला हवंय?"

वाण राहूनच गेलं होतं, म्हणून सासूबाईंनी उन्मेषला थांबवून घेतलं. आणखी दोन दिवस. अधिक महिन्यात घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे सुरमई खायला येणाऱ्या त्या माणसाला दोन दिवस वरणभात आणि भोपळ्याचे घारगे खावे लागले. त्या दोन दिवसांतला माझा आनंद म्हणजे तेवढाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धप्प झालं.

खोटं कशाला बोलू? तो आवाज ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. यंत्राची फजिती झाली होती. मी धावत गेलो, आणि खणल्यावर आणखीच बरं वाटलं. माझा जॉइंट शाबूत होता. केबल फुटली होती ती भलत्याच जागी, पार खाडीच्या बाजूला.

पण बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. भाऊ आले. रात्रीच चार बोटींचा माल उतरला होता, सगळा उघड्यावर. त्यांनी फुटलेल्या केबलकडे बघितलं आणि माझ्यावर उखडले.

"आज हिकडं, परवा तिकडं. उद्या आणि कुठं? केबलच नासकी ती! कोणी टाकली? तू!"

"भाऊ, आठ वर्षं..."

"आठ वर्षं बघत होतास ना? काय बघत होतास मग? आता तुझां काय ऐकूचां नाय मला. उन्मेषरावांना पुण्याहून उठून येऊक लागलां तरी चालेल, पण ह्या प्लॅन्टवर जाणता माणूस हवा."

कामगार ऐकत होते. सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मी चिखलात उभा होतो आणि उन्मेष माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तेव्हा मला वाटलं, आनंद लपवतोय.

कोल्हापूरला माणूस पाठवून नवी केबल मागवली. ती येईपर्यंत बाजारातला मिळेल तेवढा बर्फ आणला. तरी बराच माल खराब झाला आणि खाडीत टाकावा लागला. त्या गडबडीत उन्मेषनं जुन्या केबलचे फुटल्या जागेजवळचे दोन तुकडे कापून मागितले आणि थेट प्लॅन्टच्या लॅबमध्ये गेला. तिथे नजमा मुकादम नावाची बाई कोळंबीत जंतू आहेत का ते तपासायची. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, आणि जंतू रंगवायचं निळं औषधही.

मीही त्याच्या मागोमाग गेलो. माझ्या केबलवर हा काय निकाल देतो ते मला बघायचं होतं.

त्यानं दाढीच्या ब्लेडनं केबलच्या प्लॅस्टिकचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ काप काढले. नजमानं निळं औषध गरम करून दिलं. त्यात ते काप बराच वेळ ठेवले, मग धुतले, काचेवर ठेवले. तो आधी स्वतः वाकून बघत राहिला. इतका वेळ, की नजमा म्हणाली, "साहेब, डोळा चिकटला काय?"

"दादा, बघा," तो बाजूला झाला.

मी डोळा लावला. दुधाळ प्लॅस्टिकच्या आत निळी झाडं उगवली होती. खरीखुरी झाडं, बुंधा, फांद्या, डहाळ्या. आतल्या तारेच्या अंगानं रुजलेली आणि बाहेरच्या बाजूला फोफावलेली. एक नाही, रांगच्या रांग. आठ वर्षं मी त्या केबलीवरून रोज चालत गेलो होतो.

"हे काय?"

"पाणी," उन्मेष म्हणाला. "प्लॅस्टिक पाणी पीत नाही असं आपण धरून चालतो. पण बाहेर ओल असली आणि आत विजेचा दाब अखंड असला, की तो दाब ओल आत ओढून घेतो. केसाच्या हजाराव्या भागाइतकी. वर्षानुवर्षं. मेगर लावा, काही दाखवत नाही. दिवे लागतात, मोटारी फिरतात. कुणाला पत्ताच नसतो."

"म्हणजे केबल माझीच नासकी होती," मी म्हणालो.

"खाडीत कुणाचीही होईल."

काचेवर एका जागी निळ्या झाडाच्या शेंड्यातून एक काळी, जळकी रेघ निघाली होती. ती थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती. मी विचारलं, "ही काळी कसली?"

त्यानं हातातलं ब्लेड खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "ही जुनी नाही. ही तीन दिवसांतली. माझी."

"तुमची?"

"रोजची वीज सारखी उलटसुलट धावते. मी यंत्रानं दाब दिला तो एकाच बाजूनं, आणि केवढा तरी जास्त. जुन्या कागदी केबलींना ते चालायचं. या प्लॅस्टिकला झाडं फुटलेली असली की तो भार आत फांद्यांमध्ये अडकून बसतो, उतरत नाही. यंत्र म्हणतं, पास. मग आपण रोजची वीज सोडतो आणि ती आतल्या आत फाटते. पुण्यात आमच्या दोन केबली अशाच गेल्या, तपासणीत पास झाल्यावर. साहेब म्हणाले योगायोग. मीही म्हटलं योगायोग. परवा यंत्र काढताना मनात आलं होतं माझ्या."

"दाब दिला नसता तर?"

"वर्ष, दोन वर्षं कदाचित चालली असती. तोवर सवडीनं बदलता आली असती."

त्यानं काच पुसून ठेवली, नजमाचे आभार मानले आणि बाहेर गेला. मी तिथंच स्टुलावर बसून हिशेब मांडला. भाऊ विचारणार, काय निघालं? तो सांगणार, केबल आतून खराब झाली होती. ते खरंच होतं. पुढचं सांगायची त्याला गरजच नव्हती. मी ते सांगितलं असतं, तर भाऊ म्हणाले असते, सुधाकर जळतो. अर्धं खरं बोलूनच प्लॅन्ट त्याच्या पदरात पडत होता. त्याच्या जागी मी असतो, तर मी अर्धंच बोललो असतो. म्हणून तोही तेवढंच बोलणार, याची मला खात्री होती.

नवी केबल आली, मी ती टाकली, वीज सुरू झाली. अमावास्येच्या आधी वाण उरकायचं म्हणून सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाट मांडले. अनारसे पुन्हा तळले होते. आम्ही बसलो. मी अनारशाचे नुसते तुकडे करत राहिलो.

भाऊंनी सुरुवात केलीच. "उन्मेषराव, तुम्ही तुकडे कापून बघितलांत म्हणे. काय निघालां? नासकी होती ना केबल?"

"होती, भाऊ," उन्मेष म्हणाला.

झालं, मी मनात म्हटलं. प्रमिलेनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

उन्मेषनं पाण्याचा घोट घेतला. "पण मारली ती मी," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. झाडं, दाब, यंत्र, पुण्यातल्या दोन केबली, सगळं. भाऊंना कळेल अशा भाषेत सांगितलं, काही गाळलं नाही. "तुमचा जो माल गेला तो माझ्यामुळे गेला. दादा म्हणत होते वीज सोडूया. ते ऐकलं असतं तर हे झालं नसतं. आणि दुसरं म्हणजे, त्या खाऱ्या पाण्यात ती केबल आठ वर्षं टिकली, ती दादांनी टाकली म्हणून. खाली वाळू, वर विटा, मी खणताना बघितलंय. इतरांची तीन वर्षांत गेली असती."

सासूबाई निरांजनाचं ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"एवढा तोटा झाला," भाऊ हळूच म्हणाले, "आणि तुम्ही आपण होऊन सांगतास? न सांगतास तर कोणाला कळणार होतां?"

"मला कळलं होतं ना," उन्मेष म्हणाला.

भाऊंचे डोळे भरून आले. मी त्यांना आयुष्यात कधी तसं बघितलं नव्हतं. "असा माणूस हवा मला प्लॅन्टवर," ते म्हणाले. "उन्मेषराव, तुम्ही या. उद्या या."

बघा म्हणजे झालं! केबल मारून, माल बुडवून, वर कबुली देऊन हा पठ्ठ्या पहिला आला. मी खरं खरं सांगतो, त्यानं अर्धंच सांगितलं असतं तर मला त्याचा फक्त राग आला असता. राग करायला सोपा असतो.

"नको भाऊ," उन्मेष म्हणाला. "मला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही, आणि तो माझा हक्कही नाही. प्लॅन्ट दादांनी चालवलाय. त्यांच्याच हाती द्या. आज द्या, माझ्यासमोर."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडवला.

"बरां," ते म्हणाले. "तुम्ही म्हणतास म्हणून. तुमचा शब्द मला मोडवत नाही." आणि जुडगा माझ्या ताटाशेजारी ठेवला.

आठ वर्षं मी त्या चाव्यांची वाट बघितली होती. त्या कशा मिळतील याची मनातल्या मनात शंभरदा उजळणी केली होती. भाऊ पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, तूच रे खरा. नको म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण नको म्हणण्याइतका मोठेपणा त्या पाटांवर एकाकडेच होता, आणि तो त्यानं आधीच वापरून टाकला होता. मी जुडगा उचलला.

भाऊ आता नाहीत. प्लॅन्ट मीच चालवतो, खाडीकडची केबल वेळेवर बदलतो, डीसीचं यंत्र फाटकाच्या आत येऊ देत नाही. लोक मला शेठ म्हणतात. पण ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते.

चाव्या मुठीत घेऊन मी मान वर केली. आता तरी सगळे माझ्याकडे बघत असतील असं मला वाटलं होतं. भाऊ, सासूबाई, अस्मिता आणि डोळ्याला पदर लावलेली माझी स्वतःची बायको, सगळी उन्मेषकडे बघत होती.